मुरगळलं, निखळलं, मोडलं: पहिल्या तासात होणाऱ्या या चुका टाळा

पाय मुरगळला की आपल्याकडे दोन गोष्टी ताबडतोब घडतात. कोणीतरी तेलाची बाटली शोधायला धावतं, आणि दुसरा कोणीतरी पाय हातात घेऊन म्हणतो, "थांब, एक झटका देतो, बसेल." या दोघांनी पहिल्या तासात काहीच केलं नाही, तर बऱ्याच दुखापती जितक्या होत्या तितक्याच राहतात. हाडा-सांध्यांच्या दुखापतीत प्रथमोपचार म्हणजे दुरुस्ती नव्हे. हलू द्यायचं नाही, रक्तपुरवठा चालू आहे ना ते बघायचं, आणि योग्य ठिकाणी पोचवायचं, एवढंच ते काम. बाकीचं एक्स-रे बघितल्यावर.

चोळणं

लिगामेंट म्हणजे एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा. घोटा आत वळून मुरगळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचा, घोट्याच्या जरा पुढचा पट्टा ताणला जातो किंवा त्याचे तंतू तुटतात, आणि आतल्या बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. त्यावर जोर लावून चोळलं की जमू लागलेलं रक्त पुन्हा वाहतं. सूज दुप्पट होते, काळंनिळं खाली बोटांपर्यंत उतरतं. स्नायूला मार बसल्यावरही हेच. कबड्डीत मांडीवर गुडघा बसतो, आणि घरी येऊन जोरदार मालीश होते. मोठ्या स्नायूत साचलेलं रक्त असं पुन्हा पुन्हा डिवचलं तर त्या जागी चक्क हाडासारखी गाठ तयार होऊ शकते. कोपराच्या बाबतीत हे फार दिसतं: कोपराला मार लागला, घरच्यांनी रोज तेल लावून चोळलं आणि बळेबळे वाकवलं, आणि दोन महिन्यांनी सांधा अडकून बसला. कोपर चोळायचं नाही, हा नियम वेगळा लक्षात ठेवावा.

आंबेहळद, तुरटी, रक्तचंदन यांचा लेप धड कातडीवर लावल्याने मोठं नुकसान होत नाही. पण लेप वाळला की कातडीचा रंग दिसत नाही, आणि "लेप लावलाय, उतरेल" म्हणत चार दिवस निघून जातात. खरं भय आहे ते चुना-हळदीचं. ओला चुना कातडीवर तासन्‌तास राहिला तर भाजतो, आणि वरून पट्टी बांधली तर फोड येतात. झणझणीत मलम लावून त्यावर क्रेप बँडेज घट्ट गुंडाळलं तरी तेच होतं. उष्णता कोंडते, आणि मुरगळलेल्या पायाला भाजण्याची भर पडते.

शेक कधी, बर्फ कधी

पहिले ४८ तास, सूज वाढत असेल तर ७२ तास, गरम शेक नको. वीट तापवून नको, रुईची पानं नको, गरम पाण्याची पिशवीही नको. उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात आणि सूज वाढते. नंतर, सूज थांबून सांधा आखडल्यासारखा वाटू लागला की शेक चालतो, बरंही वाटतं.

बर्फाने दुखणं नक्की कमी होतं. पण तो लावण्यातही तीन ठरलेल्या चुका असतात. पहिली, फ्रीजरमधला बर्फ थेट कातडीवर धरणं. ओल्या पातळ कपड्यात किंवा नॅपकिनमध्ये बर्फाचा चुरा गुंडाळावा. गोठवलेल्या मटाराची पिशवी सांध्याभोवती छान बसते. दुसरी चूक म्हणजे "जितका वेळ तितकं चांगलं" असं धरून चालणं. घोट्या-गुडघ्याला १५ ते २० मिनिटं, बोटाला १० मिनिटं पुरतात. पुन्हा लावायचं ते दोन-तीन तासांनी. आधी गार लागतं, मग चुरचुरतं, मग दुखतं आणि मग बधिर होतं. बधिर झाल्यावर काढायचंच, कारण त्यानंतर कातडी गोठतेय हे कळत नाही. तिसरी चूक, बर्फ पायाला बांधून झोपणं. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी बर्फाच्या वाटेला न गेलेलं बरं.

विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ही चौकडी १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केली. पुढे त्यांनीच मत बदललं: सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे, त्यामुळे पहिल्या काही तासांपुरता दुखणं कमी करायला बर्फ ठीक, दिवसचे दिवस नको. पूर्ण विश्रांतीचंही तसंच. साध्या मुरगळीत दोन दिवसांनंतरही पाय गादीवरून खाली न ठेवणारा माणूस उशिरा बरा होतो. दोन दिवसांनी, सोसेल इतपत, बसल्या जागी अंगठ्याने हवेत अ-आ-इ-ई गिरवावं. दुखणं उतरलं की भिंतीला हात लावून दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहण्याचा सराव करावा. हा तोल परत आणला नाही म्हणूनच तोच घोटा दर पावसाळ्यात मुरगळतो.

चार पावलं आणि चार जागा

"चालता येतंय म्हणजे मोडलेलं नाही" आणि "बोटं हलताहेत म्हणजे मोडलेलं नाही" ही दोन्ही वाक्यं चूक आहेत. बोटं हलवणारे स्नायू पोटरीत असतात. घोट्याचं हाड मोडलं तरी ते काम करतात. केसाएवढा तडा असेल तर माणूस लंगडत जिनाही चढतो.

घोट्यासाठी यापेक्षा बरी चाचणी आहे. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ती मांडली, आणि आजही जगभरच्या इमर्जन्सी विभागांत ती वापरतात. बोटाच्या टोकाने चार जागी हाड दाबून बघायचं. घोट्याच्या बाहेरच्या हाडाची मागची कड, तळापासून वर ६ सेंमी. तशीच आतल्या हाडाची मागची कड, तीही तळापासून ६ सेंमी. तिसरी जागा पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध, करंगळीच्या रेषेत हाताला लागणारा उंचवटा. चौथी आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या पुढे जरा खाली असलेलं हाड. यातल्या एखाद्या जागी हाडावरच कळ आली, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि आताही चार पावलं (लंगडत का होईना) टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी.

इथे दाबणाऱ्याचंच चुकतं. तो सुजेवर दाबतो. सूज कुठेही दाबली तरी दुखणारच. पुढच्या मऊ भागावर नव्हे, मागच्या कडेला, हाडावर दाबायचं. आणि ही चाचणी लहान मुलांवर, नशेतल्या माणसावर किंवा पायाची संवेदना गेलेल्या मधुमेही व्यक्तीवर भरवशाची नाही. त्यांचा सरळ एक्स-रे काढावा.

क्रेप बँडेज: सगळ्या घरात असतं, फार थोड्यांना बांधता येतं

बँडेज पूर्ण ताणून गुंडाळणं ही सगळ्यात मोठी चूक. क्रेप जितकं ताणलं जातं त्याच्या साधारण निम्म्या ताणाने बांधायचं. घोट्याला ८ किंवा १० सेंमी रुंदीचं, गुडघ्याला १५ सेंमीचं, मनगटाला ६ किंवा ८ सेंमीचं. घरी एकच आणायचं असेल तर १० सेंमीचं आणावं.

पावलाचा नडगीशी काटकोन ठेवावा. बोटं खाली लोंबत असताना बांधलं तर उभं राहताच बँडेज काचतं. सुरुवात बोटांच्या मुळाशी, दोन वेढे. मग पावलावरून घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याचा अर्धा भाग झाकणारा. तळव्याखालून जाताना पट्टी आतून बाहेर न्यावी, म्हणजे दुखावलेली बाहेरची बाजू वर उचलून धरली जाते. टाच उघडी ठेवायची लोकांना सवय असते. तिथे खिडकी राहिली की सूज बरोबर तिथून फुगते. घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर संपवावं. सोबत येणाऱ्या दातेरी क्लिपा पायात टोचतात किंवा हरवतात, त्याऐवजी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावावेत.

वरून खाली, म्हणजे पोटरीकडून बोटांकडे, बांधत येणं ही त्याहून वाईट चूक. सूज मग बोटांत कोंडते.

बांधून झालं की अंगठ्याचं नख पाच सेकंद दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. पाच मिनिटांनी पुन्हा बघायचं, अर्ध्या तासाने पुन्हा, कारण सूज बँडेजच्या आतही वाढत असते. बोटं गार, निळसर, मुंग्या आलेली किंवा ठणकणारी वाटली तर सोडून सैल बांधावं. रात्री झोपताना काढून ठेवावं, आणि पायाखाली दोन उशा घेऊन पाय छातीपेक्षा वर ठेवावा. नुसता स्टुलावर ठेवलेला पाय "उंच" नसतो, हे आरामखुर्चीत बसून पाय उंच केल्याचं समाधान मानणाऱ्यांसाठी.

अंगठी, जोडवी, पाटल्या

हाताला मार लागला, तो साधा वाटला तरी, सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या, घड्याळ काढायचं. पायाला लागलं तर जोडवी आणि पैंजण. हे पहिल्या दहा मिनिटांत जमतं, तासाने जमत नाही, आणि सुजलेल्या बोटातली अंगठी बोटाचा रक्तपुरवठा बंद करू शकते. "जोडवी कशी काढायची" असा संकोच घरात होतो. तो बाजूला ठेवावा.

अडकलीच तर ओढाओढ करू नये. हात पाच मिनिटं वर धरून गार पाण्याची पट्टी ठेवावी, मग साबण किंवा तेल. तरीही नाही निघाली तर दोऱ्याची युक्ती. शिवणाच्या जाड दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढायचं. उरलेला दोरा अंगठीला चिकटून सुरू करून नखाच्या दिशेने, बोटाच्या सांध्याच्या पुढेपर्यंत, वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळायचा. मग तळहाताच्या बाजूचं टोक नखाच्या दिशेने उलगडत जायचं. अंगठी एकेक वेढा पुढे सरकते. बोट मोडलेलं वाटत असेल किंवा जखम असेल तर हे करू नये, दवाखान्यात कापून काढतात. अंगठी सोनार पुन्हा जोडतो.

"ओढून बसवतो"

क्रिकेटमध्ये कॅच घेताना चेंडू बोटाच्या टोकावर बसतो, बोट वाकडं दिसतं, आणि यष्टिरक्षक येऊन ते खेचतो. कधी बसतंही, म्हणून ही पद्धत टिकून आहे. पण वाकडं बोट निखळलेलं आहे की मोडलेलं, हे बाहेरून कळत नाही. मोडलेलं खेचलं तर तुकडे सरकतात, निखळलेलं चुकीच्या दिशेने खेचलं तर आतला पट्टा सांध्यात अडकतो आणि मग ऑपरेशनशिवाय बसत नाही.

याच चेंडूने होणारी आणखी एक दुखापत इतकी किरकोळ दिसते की तिच्याकडे कोणी बघत नाही. बोटाचं शेवटचं पेर खाली झुकतं, आणि स्वतःहून सरळ होत नाही. दुसऱ्या हाताने केलं तर होतं. दुखतंही फार नाही. पेर उचलणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेली असते, कधी हाडाच्या छोट्या तुकड्यासकट. उपचार अगदी साधा आहे: ते पेर छोट्या पट्टीने सरळ ठेवायचं, रात्रंदिवस, सहा ते आठ आठवडे. लोक चुकतात ते आंघोळीला पट्टी काढतात तेव्हा. पेर एकदा जरी खाली झुकलं तरी जुळत आलेली कंडरा पुन्हा सुटते आणि आठवडे पहिल्यापासून मोजावे लागतात. पट्टी बदलायची तर हात टेबलावर सपाट ठेवून, पेराला खालून आधार देत बदलावी.

खांदा निखळल्यावर गोलाई जाते, खांदा चौकोनी दिसतो, हात शरीरापासून जरा लांब धरलेला असतो. काखेत पाय लावून हात खेचणारे वीर अजून आहेत. खांद्याजवळून जाणारी नस त्यात दुखावते, आणि दंडाच्या हाडालाही तडा असेल तर त्याचे दोन तुकडे होऊ शकतात. बसवण्यापूर्वी एक एक्स-रे, बसवल्यावर दुसरा, ही रीत उगीच नाही. तोवर हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत काखेत उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवून आधार द्यावा. झोळीत बळेच बसवू नये.

पडल्यावर तळहात टेकला आणि मनगट दुखतंय? अंगठा ताणून वर केला की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा पडतो. त्या खळग्यात दाबल्यावर कळ आली तर स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून पट्टा काढून टाकणं ही इथली चूक. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. या हाडाला रक्त पुढच्या टोकाकडून मिळतं, त्यामुळे मोडलं आणि दुर्लक्ष झालं तर मागचा तुकडा बऱ्याचदा जुळत नाही.

मुलांचं कोपर

दीड-दोन वर्षांच्या मुलाला हाताला धरून उचललं, पायरीवरून झटक्यात ओढलं, आणि त्यानंतर मूल हात लटकता ठेवून रडतंय. कोपराच्या कड्यातून हाड किंचित सरकलेलं असतं. डॉक्टर ते मिनिटाभरात बसवतात. ही कृती व्हिडिओत बघून घरी करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण मूल पडलेलं असेल तर प्रकरण वेगळं आहे.

पाच ते सात वर्षांचं मूल झोपाळ्यावरून किंवा गच्चीच्या पायरीवरून हात टेकून पडतं तेव्हा कोपराच्या लगेच वर दंडाचं हाड मोडतं. त्याच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. सुजलेलं कोपर वाकवून झोळीत घातलं की ती दाबली जाऊ शकते. म्हणून कोपर ज्या कोनात आहे त्याच कोनात, उशीवर ठेवून न्यायचं. मनगटाची नाडी लागते का, बोटं गरम आहेत का, हे वाटेतही बघत राहायचं.

याच दुखापतीत बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळलेल्या पट्ट्यांनी सगळ्यात जास्त नुकसान केलेलं आहे. हाडवैद्याकडे जाण्यामागे लोकांचा अनुभव असतो. साधी, जागेवर असलेली मोड स्थिर ठेवली की जुळतेच, कोणीही बांधली तरी. पण सूज वाढत असताना चारी बाजूंनी न सुटणारी आवळपट्टी बांधली तर आत दाब वाढतो आणि स्नायूंचं रक्त तुटतं. सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतात. पुढे बोटं कायमची आत वळलेली राहतात, नाहीतर हात कापावा लागतो. खूण एकच लक्षात ठेवावी: दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना, औषधाने न थांबणारी, आणि बोटं हळूच सरळ केल्यावर वाढणारी. असं झालं की सगळी बांधाबांध सोडायची, हात छातीच्या पातळीवर ठेवायचा, त्याहून उंच नाही, आणि तिथूनच निघायचं.

मुलांच्या बाबतीत "नुसतं मुरगळलंय" हे निदान घरी करू नये. त्यांच्या हाडांची वाढ जिथून होते ती कूर्चा (टोकाजवळचं मऊ हाड) लिगामेंटपेक्षा नाजूक असते, आधी तीच दुखावते.

कामटी, झोळी आणि ओढणी

रुग्णवाहिका पंधरा-वीस मिनिटांत येणार असेल तर कामटी बांधायचीच गरज नाही. हातांनी किंवा उशांनी मोडलेला भाग स्थिर धरा, पुरे. डोंगरावर, गावात, जिथून माणूस हलवावाच लागणार तिथे बांधायची.

नियम एक: मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे अडवले पाहिजेत. मनगटाच्या वर हात मोडला आणि कामटी फक्त त्या जागेपुरती बांधली तर ती शोभेची. जाडजूड वर्तमानपत्र घडी करून कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत ठेवलं की उत्तम कामटी होते. लांबी दुखऱ्या हातावर मोजू नये, चांगल्या हातावर मोजावी. आत कपडा भरावा. गाठ मोडलेल्या जागेवर नको, तिच्या वर आणि खाली. पाय मोडला असेल आणि हाताशी काही नसेल तर दुसरा पाय हीच कामटी: मांड्या, गुडघे, घोटे यांच्यामध्ये टॉवेल भरून रुंद पट्ट्यांनी बांधायचं, गाठी चांगल्या पायाच्या बाजूला. बांधण्यापूर्वी आणि नंतर नखाची ती दोन सेकंदांची तपासणी.

झोळीसाठी एक मीटर चौकोनी कापड तिरकं दुमडावं. ओढणी, उपरणं, गमछा काहीही चालतं. बोटं कोपरापेक्षा जरा वर आणि बाहेर दिसणारी हवीत. गाठ मानेच्या मणक्यावर येते तेव्हा तासाभरात मान दुखू लागते, म्हणून ती हासळीच्या वरच्या खळग्यात, बाजूला घ्यावी. काहीच नसेल तर शर्टाची खालची कड वर उलटून हातावर घ्यायची आणि पिनेने छातीपाशी अडकवायची.

हाड जखमेतून बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलायचं नाही, हळद-कॉफी टाकायची नाही. जखमेच्या कडेने दाबून रक्त थांबवावं, वरून स्वच्छ ओला कपडा टाकावा. झाकण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो काढावा. तो दाखवला की वाटेत आणि दवाखान्यात प्रत्येकाला जखम उघडून बघावी लागत नाही. अशा जखमेत अँटिबायोटिक आणि धनुर्वाताची सुई जितकी लवकर तितकी बरी.

रस्त्यावर आणि दहीहंडीखाली

अपघातात पडलेल्याला दोघांच्या मध्ये बसवून दुचाकीवरून नेणं, थरावरून कोसळलेल्या गोविंदाला काखेत हात घालून उभं करणं: हेतू चांगला, परिणाम कधी आयुष्यभराचा. उंचावरून पडला, मान किंवा पाठ दुखतेय, हातापायांना मुंग्या आहेत किंवा शुद्ध हरपली होती, तर तो जिथे आहे तिथेच राहू द्यावा. डोक्याशी एकाने गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरावं. आग, पाणी, वाहतूक असा धोका असेल किंवा उलटी होत असेल तेव्हाच, तिघा-चौघांनी डोकं-खांदे-कंबर एका रेषेत ठेवून एकदम कुशीवर वळवावं. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढायची घाई नको. श्वासच अडला असेल तर मात्र काढावं लागतं, एकाने मान खालून धरून आणि दुसऱ्याने हेल्मेट सरळ ओढून.

मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंबही न दिसता आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकतं. गार घाम, फिका चेहरा, जलद नाडी दिसली तर "धक्का बसलाय, पाणी पाजा" असं म्हणत बसू नका. १०८ लावा. मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती जुनी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आलं, मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही नाही.

पाणी आणि चहा यांचा मुद्दा वेगळा. ऑपरेशन लागेल असं वाटत असेल तर तोंडाने काही देऊ नये. भूल देण्यापूर्वी जेवणाला सहा तास झालेले असावे लागतात, आणि दुधाचा चहा त्या हिशोबात जेवणच. प्रेमाने पाजलेला एक कप कधीकधी ऑपरेशन पुढे ढकलतो.

आजी बाथरूममध्ये पडल्या

पडल्यावर एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरून चालावं. पण तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील तर पाय सरळ दिसतो, आणि आजी दोन दिवस भिंत धरून चालतातही. मग तिसऱ्या दिवशी तुकडे सुटतात. म्हातारं माणूस पडलं आणि जांघेत किंवा गुडघ्यात दुखतंय म्हणालं (खुब्याची वेदना गुडघ्यातही जाणवते) तर उभं करून बघू नये, एक्स-रे काढावा.

"या वयात ऑपरेशन नको, पडून राहू दे" ही पुढची चूक. पडून राहण्यातच जास्त धोका असतो: पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गाठी. शक्य तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून लगेच उभं करतात, ते यासाठीच.

उसण, गोळे आणि पोटरी

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. नुसता लावला तर बिघडत नाही. उसण तशीही काही दिवसांत उतरते, श्रेय पायाला मिळतं. लाथ मात्र मारून घेऊ नये. आडवं पडून राहणं एका-दोन दिवसांच्या वर नको. लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाय लुळे वाटू लागले किंवा सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

पायात गोळा आला तर ठोसे मारू नयेत. गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं आपल्याकडे ओढून ३० सेकंद धरावीत.

पण खेळताना पोटरीत "मागून कोणीतरी लाथ मारली" असं वाटलं आणि वळून बघितलं तर कोणीच नाही, तर ते गोळ्याचं काम नाही. शनिवार-रविवारी बॅडमिंटन किंवा बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्या चाळिशीच्या पुरुषांत हे ठरलेलं. टाचेची जाड कंडरा तुटलेली असू शकते. पालथं झोपून पावलं पलंगाबाहेर सोडा, दुसऱ्याने पोटरी दाबावी. चांगल्या पायाचं पाऊल दाबल्याबरोबर हलतं. तुटलेल्या बाजूचं हलत नाही. चालता येतं म्हणून हे आठवडेच्या आठवडे "लचक" म्हणून चोळलं जातं.

आणि काहीही न लागता, लांबचा प्रवास किंवा आजारपणानंतर एकच पोटरी सुजली, गरम आणि दुखरी झाली, तर हातही लावू नका. आत रक्ताची गाठ असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

गोळ्या आणि प्लास्टर

वेदनेसाठी प्रौढ माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, सहा तासांच्या अंतराने, दिवसाला एकूण ४ ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास, दारू, कमी वजन असेल तर याहून कमी. चूक होते ती अशी: केमिस्टने दिलेल्या "अंगदुखीच्या" गोळीत ॲसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅकसोबत पॅरासिटामॉल आधीच असतं, आणि घरातली वेगळी गोळी वरून घेतली जाते. पाकिटामागचं नाव वाचा. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं असतील तर या डायक्लोफिनॅक गटाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

पहिल्या दिवशी बहुधा कच्चं प्लास्टर घालतात, सूज उतरल्यावर पक्कं. "कच्चंच घातलं, नीट केलं नाही" ही तक्रार चुकीची. सुजेला जागा हवी म्हणूनच ते. खाज आली म्हणून विणायची सुई किंवा फूटपट्टी आत घालू नका, आतल्या ओरखड्यात पू होतो आणि वास येईपर्यंत कळत नाही. आणि प्लास्टरच्या आतली वेदना संध्याकाळपासून वाढतच असेल, बोटं सुजून गार पडली असतील, सरळ करताना कळ येत असेल, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. रात्री दोन वाजता गेलात तरी तिथला डॉक्टर प्लास्टर उभं चिरून सैल करेल, त्याला दहा मिनिटं लागतात.